कवट्यांची तुलना कशी करायची: जीवाश्म आणि आजचा माणूस, पायरीपायरीने

मानवाच्या उगमाचा अभ्यास सुरू केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेंदू किती सीसीचा? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं ते असं: दोन्ही कवट्या एकाच पद्धतीने बसवल्या आहेत का, दोन्ही प्रौढांच्या आहेत का, दोन्ही खऱ्या मापाच्या आहेत का. बहुतेक चुका इथे होतात, आकडेमोडीत नाही.

कोल्हापूर आणि आसपासचे विद्यार्थी, शाळा-ज्युनियर कॉलेजचे शिक्षक आणि हौशी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्या भागात आदिमानवाची कवटी मिळेल म्हणून डोंगर पालथे घालू नका. पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण आहे, पश्चिमेला जांभा, आणि जांभ्याच्या आम्ल मातीत भरपूर पावसात हाड टिकत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं. टाऊन हॉल संग्रहालयातली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथलीच, पण तो काळ सातवाहनांचा. भारतात एवढ्या जुन्या काळातली नाव घेण्यासारखी कवटी एकच, मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) हथनोरा इथे नर्मदेच्या गाळात अरुण सोनकिया यांना १९८२ साली मिळालेली, आणि तीही फक्त टोपीचा, म्हणजे वरच्या घुमटाचा भाग. तेव्हा काम करायचं ते प्रतिकृतींवर. त्यात कमीपणा नाही. चीनच्या झोउकोउदियान इथले मूळ जीवाश्म १९४१ मध्ये हरवले, आणि तेव्हापासून जगभरचे अभ्यासक त्यांच्या कास्टवरच, म्हणजे साच्यातून ओतलेल्या प्रतिकृतींवरच काम करतात.

१. आधी परवानगी आणि कागदपत्रं

आजच्या माणसाची खरी कवटी बघायची तर मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात. बरोबर हे न्या:

- तुमच्या कॉलेजच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, त्यात उद्देश, तारीख आणि कोण कोण येणार
- ओळखपत्राची झेरॉक्स
- फोटो काढायचे असतील तर त्याची वेगळी लेखी परवानगी
- कोणती मापं घेणार त्याची एक पानी यादी

ही यादी बहुतेक जण नेत नाहीत. ती असली की समोरच्याला कळतं की तुम्ही सेल्फी काढायला आलेला नाहीत.

खरी कवटी विकत घेण्याच्या फंदात पडू नका. मेडिकलच्या विद्यार्थ्यांमध्ये जुने बोन सेट हातोहात फिरतात, पण ते हाड कुणाचं, कुठून आलं, याचा कागद कुणाकडेच नसतो. महाराष्ट्रात शरीररचना अधिनियम १९४९ सालापासून आहे आणि मृतदेह शिकवण्यासाठी कुणाला मिळायचा हे त्यातून ठरतं. भारतातून मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली. पंचगंगेच्या काठावर किंवा खोदकामात हाड दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. ते जुनं की नवं हे ठरवणं आपलं काम नाही.

२. साहित्य

- स्प्रेडिंग कॅलिपर, ० ते ३०० मिमी. म्हणजे बाकदार टांगांचा. नाही मिळाला तर उद्यमनगरात मिळणारा मोठा आउटसाइड कॅलिपर चालतो. टांगा कवटीवर टेकवून उघडझाप न करता उचलायच्या आणि पोलादी पट्टीवर अंतर वाचायचं
- व्हर्निअर कॅलिपर, २०० मिमीचा
- सरफेस प्लेट (अगदी सपाट पाट) आणि हाइट गेज (त्या पाटावरून उंची मोजायचं उभं साधन). हे विकत घेऊ नका, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन वापरा
- कापडाची चुंबळ, मॉडेलिंग क्ले, पाणसळ, ओळंबा
- मऊ पेन्सिल, कागदी टेपचे छोटे ठिपके
- मोहरी दोन किलो, १००० मिलीचा मोजपात्र सिलिंडर, कापूस, नरसाळं (फक्त सातव्या पायरीसाठी)

स्वस्तातली प्लास्टिकची कवटी वर्गात दाखवायला ठीक, मापाला नाही. तिच्यावरचे हाडांचे सांधे नुसते कोरलेले असतात, कानाचं भोक म्हणजे एक खळगा, आणि तळाकडची बाजू तर बऱ्याचदा गुळगुळीत. नेमके जे बिंदू लागतात तेच तिच्यावर नसतात.

३. संच निवडा: पाच पुरेत

सुरुवातीलाच पंधरा कवट्या मांडल्या तर हाती काहीच लागत नाही. पुढच्या पाच घ्या.

१) प्रौढ चिंपांझी.
२) ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस, एसटीएस ५ (हा जीवाश्माचा नोंदणी क्रमांक). दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफोंटेन इथे १९४७ साली रॉबर्ट ब्रूम यांना सापडलेली, सुरुंगाने दोन तुकडे झालेली. तिचं वय जुन्या पुस्तकांत २५ लाख वर्षांच्या आसपास दिलेलं असतं. २०२२ च्या कालमापनाने त्या थराचं वय ३४ ते ३७ लाखांपर्यंत मागे नेलं आहे.
३) होमो इरेक्टस, केएनएम-ईआर ३७३३. केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पूर्वेकडची, १९७५ सालची, वय १६ ते १८ लाख वर्षं.
४) निअँडरथल, ला फेरासी १. फ्रान्स, १९०९. बरेच जण ला शापेल-ओ-सां इथली निअँडरथल कवटी घेतात कारण ती प्रसिद्ध आहे. पण त्या माणसाचे बरेच दात जिवंतपणीच पडले होते आणि जबड्याचं हाड झिजलं होतं, त्यामुळे चेहरा किती पुढे आला आहे याचं माप तिच्यावर फसतं.
५) आजचा प्रौढ माणूस.

सहावी घ्यायचीच असेल तर मोरोक्कोतली जेबेल इरहूद. का, ते आठव्या पायरीत येईल.

एक पथ्य कटाक्षाने पाळा: लहान मुलाची कवटी प्रौढाशी लावू नका. चिंपांझीचं पिल्लूसुद्धा गोल डोक्याचं आणि आखूड तोंडाचं असतं. रेमंड डार्ट यांनी १९२५ साली टाँगच्या मुलाच्या कवटीवरून नवी प्रजाती मांडली तेव्हा टीकाकारांचा एक आक्षेप हाच होता, आणि आक्षेप म्हणून तो चुकीचा नव्हता. प्रौढ ओळखायची खूण म्हणजे अक्कलदाढ बाहेर आलेली आणि कवटीच्या तळाला महारंध्रापुढचा (मज्जारज्जू बाहेर पडतो त्या मोठ्या छिद्रापुढचा) सांधा बुजलेला.

४. कास्ट विकत, की प्रिंट?

मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर अनेक जीवाश्मांचे त्रिमितीय स्कॅन आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या होमो नालेदीचे स्कॅन २०१५ पासून तिथे मोफत आहेत. काही फाइलींना नोंदणी आणि अर्ज लागतो. अर्जात 'शैक्षणिक वापर' एवढंच न लिहिता कुठल्या वर्गासाठी, किती प्रती, हे लिहा.

प्रिंटमध्ये हमखास होणारा घोटाळा मापाचा. त्रिमितीय आकाराच्या एसटीएल फाइलमध्ये एककच नसतं. आकडा १८० असेल तर ते मिलिमीटर की आणखी काही, हे फाइल सांगत नाही. स्लायसरमध्ये (प्रिंटची तयारी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल उघडल्यावर कवटी मुंगीएवढी किंवा खोलीएवढी दिसली तर चूक लगेच कळते. खरा धोका 'प्रिंटरच्या बेडवर बसावी म्हणून' कुणीतरी ९० टक्क्यांवर आणलेल्या फाइलचा. प्रिंट टाकण्याआधी प्रसिद्ध झालेलं एक माप, उदाहरणार्थ कमाल लांबी, फाइलमध्ये मोजून ताडून बघा. ०.२ मिमीचा थर पुरतो. कवटी मधून उभी चिरून दोन भागांत छापली तर आतली बाजूही दिसते, फक्त चिकटवताना डिंकाची जाडी रुंदीत मिळते हे लक्षात ठेवा. पीएलए या प्लास्टिकचा प्रिंट मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. साधारण ६० अंशांना तो मऊ पडतो आणि कवटी एका बाजूला कलते.

एका कास्टवरून वर्गासाठी चार-पाच करायच्या असतील तर शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कॅम्पमधल्या कुंभार बांधवांकडे जा. गणपतीसाठी रबरी साचा आणि प्लास्टरचं काम त्यांच्या रोजच्या हातातलं आहे. फक्त गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने त्यांना अजिबात वेळ नसतो. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: घासून गुळगुळीत करू नका, आणि रंग देऊ नका. चांगल्या कारागिराचा हात आपोआप फिनिशिंगकडे जातो, आणि आपल्याला तर नेमके ते उंचवटे हवे असतात. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं. १८० मिमीला अर्धा मिमी धरून चाला.

५. कवटी बसवा

ही पायरी टाळली तर पुढचं सगळं वाया. कवटी नुसती टेबलावर ठेवली की ती जबड्यावर आणि मागच्या हाडावर टेकते, आणि प्रत्येक कवटी वेगळ्या कोनात कलते. मान वर केलेला निअँडरथल आणि मान खाली घातलेला आजचा माणूस शेजारी ठेवले तर कपाळाच्या उताराची तुलना करण्यात अर्थच नाही.

यासाठी १८८०च्या दशकात फ्रँकफर्ट पातळी ठरली. डाव्या डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू (ऑर्बिटाले) आणि दोन्ही कानांच्या छिद्रांच्या वरच्या कडा (पोरिऑन), हे तीन बिंदू एका आडव्या पातळीत आणायचे.

कृती: सरफेस प्लेटवर चुंबळ ठेवा, तिच्यात कवटी बसवा. हाइट गेजचं टोक डाव्या ऑर्बिटालेच्या उंचीला लावून घट्ट करा. गेज सरकवत डाव्या पोरिऑनपाशी न्या, मग उजव्या. उंची जुळेपर्यंत चुंबळीखाली क्ले भरत किंवा काढत जा. गेजचं टोक कार्बाइडचं असतं आणि कास्टवर ओरखडा काढतं, म्हणून दोन मिमी लांब ठेवून नजरेने जुळवा. एक बाजू जुळली की दुसरी हलते. पहिल्या वेळी यात बराच वेळ जातो, घाई करू नका. वर्कशॉप मिळालं नाही तर पाणसळीने सपाट केलेलं टेबल आणि पट्टी लावलेला लाकडी ठोकळा यावरही जमतं.

चेहराच नसेल तर? नर्मदा किंवा जावातली ट्रिनिल (युजीन दुब्वा, १८९१) अशा टोपीला डोळ्याची पूर्ण खोबण नाही. मग ग्लॅबेला, म्हणजे दोन भुवयांमधला पुढे आलेला बिंदू, आणि पाठीमागचा सर्वांत लांबचा बिंदू यांना जोडणारी रेषा आडवी धरा. मात्र मग आजची कवटीसुद्धा त्याच रेषेवर बसवायची. एक फ्रँकफर्टवर आणि दुसरी या रेषेवर, हे चालत नाही.

६. मोजण्याआधी बघा

पाच बाजू, पाच कागद. आधी नोंद लिहा, मग पुस्तक उघडा. उलट केलं तर पुस्तकात लिहिलेलंच दिसायला लागतं.

बाजूने: आजच्या माणसाचं कपाळ उभं, डोक्याचा गोल उंच, आणि चेहरा मेंदूच्या पेटीखाली सरकलेला. ३७३३ मध्ये कपाळ मागे पळतं, भुवईच्या कडेमागे खाच दिसते आणि पाठीमागचं हाड कोनात वळतं. ला फेरासीत डोकं लांबट, मागे अंबाड्यासारखा फुगवटा, आणि नाकाभोवतीचा चेहऱ्याचा मधला भागच पुढे ओढल्यासारखा.

मागून: नवशिके इथे क्वचितच बघतात, आणि सगळ्यात बोलकी बाजू हीच. सर्वांत जास्त रुंदी कुठे आहे त्यावर पेन्सिलने ठिपका द्या. इरेक्टसमध्ये ती खाली, कानांच्या पातळीजवळ. निअँडरथलमध्ये मध्यावर, आणि आकृती जवळजवळ वर्तुळ. आजच्या माणसात वर, बाजूच्या हाडांवर, आणि भिंती उभ्या. ला फेरासीच्या मागच्या हाडाच्या मधोमध बोट फिरवा: मानेच्या स्नायूंच्या रेषेच्या किंचित वर आडवा, लंबगोल, खरखरीत खळगा लागतो. निअँडरथलची ही खास खूण. चांगल्या कास्टवर ती बोटाला कळते, गुळगुळीत केलेल्या कास्टवर गायब असते. कास्ट घेताना तीच तपासा.

समोरून: भुवईची कड दोन्ही डोळ्यांवरून सलग आडवी आहे, की मधे तुटून दोन भागांत? आजच्या माणसात दोन भाग. गालाच्या हाडाखाली, सुळ्याच्या वर खळगा आहे का? आजच्या माणसात असतो, निअँडरथलमध्ये ती जागा भरलेली, फुगीर.

खालून: महारंध्र कुठे आहे? चिंपांझीत मागे, एसटीएस ५ मध्ये पुढे. दोन पायांवर चालण्याचा कवटीतला पुरावा इथे आहे. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी डोकं मानेवर तोललं गेलं होतं, ते या एका छिद्रावरून दिसतं.

वरून: डोळ्यांच्या मागे कवटी किती आवळली आहे एवढं बघा आणि पुढे चला.

खालचा जबडा असेल तर हनुवटी आणि अक्कलदाढेमागची मोकळी जागा बघा. हनुवटी आजच्या माणसाची, मोकळी जागा निअँडरथलची. जबडा त्याच व्यक्तीचा आहे याची खात्री आधी करून घ्या. १९१२ साली इंग्लंडात गाजलेली पिल्टडाउनची 'कवटी' म्हणजे माणसाच्या कवटीला लावलेला, दात कानशीने घासलेला ओरांगउटानचा जबडा होता. ते उघड व्हायला १९५३ साल उजाडलं.

७. मापं

पाचच घ्या, पण प्रत्येक माप तीनदा, आणि मधे कवटी खाली ठेवून. एक मिमीपेक्षा जास्त फरक आला तर चौथ्यांदा.

- कमाल लांबी: ग्लॅबेलापासून मागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत
- कमाल रुंदी: दोन बाजूंच्या सर्वांत लांबच्या बिंदूंमध्ये, आणि ती कुठे आली याची नोंद
- उंची: बेझिऑन (महारंध्राची पुढची कड) ते ब्रेग्मा (माथ्यावरचे सांधे मिळतात तो बिंदू). बऱ्याच जीवाश्मांत तळ तुटलेला असतो, तिथे पोरिऑनपासून उभी उंची घ्या
- बेझिऑन ते नेझिऑन (नाकाचं मूळ)
- बेझिऑन ते प्रॉस्थिऑन (वरच्या पुढच्या दातांमधला हाडाचा बिंदू)

शेवटच्या दोन मापांवरून चेहरा किती पुढे आला आहे ते कळतं. प्रॉस्थिऑनचं माप भागिले नेझिऑनचं माप गुणिले शंभर: पहिलं ९६ आणि दुसरं १०० असेल तर निर्देशांक ९६. ९८ च्या खाली म्हणजे सपाट चेहरा, १०३ च्या वर म्हणजे तोंड पुढे. निअँडरथलमध्ये मात्र हा आकडा फसवतो. तिथे नाकाचं मूळही पुढे सरकलेलं असतं, भाजक मोठा होतो आणि पुढे आलेला चेहरा कागदावर सपाट दिसतो. म्हणूनच सहावी पायरी आधी.

लांबीच्या मापातही सापळा आहे. ३७३३ ची लांबी मोजताना तुम्ही भुवईची जाड कडसुद्धा मोजता. तो मेंदू नव्हे.

रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा कपालनिर्देशांक काढायला सोपा म्हणून सगळे काढतात. १३५ आणि १८० वरून ७५ येतो. पण हा आकडा उंची सांगत नाही, रुंदी कुठे आहे तेही सांगत नाही. माणसांच्या 'वंशांची' उतरंड लावायला त्याचा शंभर वर्षं गैरवापर झाला, तो वेगळाच. त्या काळात इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर संशोधन करत होत्या. तो फरक वंशाशी जोडता येतो असं त्यांच्या मापांतून निघालं नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. त्यातली कामाची गोष्ट अशी की धडधाकट कवटीसुद्धा दोन्ही बाजूंनी सारखी नसते. जीवाश्मात डावी-उजवी बाजू चार-दोन मिमीने वेगळी दिसली म्हणून लगेच 'जमिनीत दबली' असं लिहू नका. दबलेली कवटी अशी असते: चाडमध्ये २००१ साली सापडलेली, सुमारे ७० लाख वर्षांची साहेलँथ्रोपसची. ती इतकी वाकली होती की २००५ मध्ये संगणकावर तिचे तुकडे पुन्हा जुळवावे लागले.

आता मेंदूचं आकारमान. खऱ्या कवटीत, विभागाची परवानगी असेल तरच, डोळ्यांच्या खोबणीतली आणि तळाची छिद्रं कापसाने बंद करून महारंध्रातून मोहरी भरायची. हलक्या हाताने थोपटायचं, पुन्हा भरायचं, मग सिलिंडरमध्ये ओतून मोजायचं. सिलिंडरही तितकाच थोपटायचा. कवटी थोपटली आणि सिलिंडर नाही, तर आकडा फुगतो. आधी एक लिटरच्या भांड्यावर सराव करा. तीन वाचनांत २५ मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर हात अजून बसलेला नाही. कास्टमध्ये मोहरी भरू नका, आतली पोकळी बहुतेक वेळा खरी नसते. आतल्या पोकळीची फाइल मिळाली तर मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये आकारमान काढता येतं. उत्तर घन मिलिमीटरमध्ये येतं, हजाराने भागा, आणि पृष्ठभागाला कुठे छिद्र नाही ना ते आधी तपासा.

ताडून बघायला प्रसिद्ध आकडे: चिंपांझी सरासरी ४०० सीसीच्या आत-बाहेर, एसटीएस ५ सुमारे ४८५, ३७३३ सुमारे ८५०, ला फेरासी १ सुमारे १६४०, आजचा माणूस सरासरी १३५० च्या आसपास. निअँडरथलचा आकडा आपल्या सरासरीपेक्षा मोठा बघून वर्गात नेहमी कुजबुज होते. होऊ द्या.

८. निष्कर्ष काढताना

कवट्या लहान मेंदूपासून मोठ्या मेंदूपर्यंत रांगेत मांडल्या की ती वंशावळ वाटायला लागते. ती रांग मोडण्यासाठी या कवट्या मधे आणा. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची एलबी १ सुमारे ४०० सीसीची, पण काळ लाख वर्षांच्या अलीकडचा. होमो नालेदी ४६५ ते ६१० सीसी, वय सव्वादोन ते साडेतीन लाख वर्षांच्या दरम्यान. जॉर्जियातल्या द्मानिसीची पाचवी कवटी, १८ लाख वर्षांची, चेहरा प्रचंड आणि मेंदू फक्त ५४६ सीसीचा. तिथल्या पाचही कवट्या एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की त्या वेगवेगळ्या देशांत मिळाल्या असत्या तर वेगवेगळी नावं पडली असती. म्हणून 'हा फरक प्रजातीचा' असं लिहिण्याआधी आजच्या दहा तरी कवट्यांत तो फरक किती आहे ते बघा. स्त्री-पुरुषांतलाच फरक भुवई आणि कानामागच्या उंचवट्यात सहज दिसतो.

जेबेल इरहूद इथे उपयोगी पडते. वय सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं. चेहरा आपल्यासारखा, कवटी मात्र अजून लांबट. झांबियातली काबवे (१९२१) २०२० च्या कालमापनात जवळपास तितक्याच वयाची निघाली, आणि तिची भुवई बघाल तर ही दोघं एकाच काळात एकाच खंडावर होती यावर विश्वास बसणार नाही.

कवटी जिथे थांबते तिथे थांबा. सैबेरियातले डेनिसोव्हन, म्हणजे नामशेष झालेला एक मानवगट, २०१० साली ओळखले गेले ते बोटाच्या हाडातल्या डीएनएवरून. चीनमधली हार्बिनची कवटी २०२१ मध्ये नवीन प्रजाती म्हणून मांडली गेली आणि २०२५ मध्ये तिच्यातल्या प्रथिनांनी आणि डीएनएने तिला त्याच डेनिसोव्हन गटात नेऊन बसवलं. आकार तोच होता, बघणारेही तज्ज्ञच होते.

९. फोटो आणि ठेवण

मोबाइल जवळ नेऊन फोटो काढला की भुवई आणि नाक फुगतात. दोन मीटर लांब उभे राहा आणि झूम वापरा. मोजपट्टी टेबलावर पुढे न ठेवता कवटीच्या मध्यरेषेच्या पातळीत धरा. कॅमेरा ५० सेंमीवर आणि पट्टी ७ सेंमी पुढे असेल तर फोटोवरून काढलेलं माप १४ टक्क्यांनी कमी येतं. दोन मीटरवरून तीच चूक साडेतीन टक्के.

जून ते सप्टेंबर प्लास्टरच्या कास्ट कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. ओल धरते आणि शाईचे डाग उमटतात. सुती कापड, हवेशीर फळी, खाली चुंबळ. प्रत्येक कास्टच्या आतल्या बाजूला पेन्सिलने मूळ जीवाश्माचा क्रमांक, कास्ट किंवा फाइल कुठून आली, आणि ताडून बघितलेलं एक माप लिहा. चिठ्ठी चिकटवू नका, पहिल्याच पावसात ती सुटते आणि दुसऱ्याच कवटीखाली सापडते.